पांढऱ्या फडक्याची परीक्षा: बाबांच्या सायकलवर रांझी ते नागपूर

जबलपूरहून नागपूरला जायला रेल्वे आहे, बस आहे, आणि घाईच असेल तर शेअर टॅक्सीही मिळते. हे आधीच सांगून टाकते, कारण शहाण्या माणसानं यातलंच काहीतरी निवडावं. मी निवडली ती बाबांची बावीस इंची काळी सायकल. गिअर नाहीत, ब्रेक जुन्या पद्धतीचे, दांडीचे, आणि वजन असं की दोन पायऱ्या चढवताना कंबर आपली तक्रार मांडते. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. माझं वय त्रेचाळीस, नोकरी सरकारी ऑफिसात खुर्चीवर बसून करायची. मला चार दिवस लागले.

जायचं ठरलं ते एका फोनमुळे. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, नागपूरला राहते. चौऱ्याऐंशी वर्षांची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. दर रविवारी तिचा फोन येतो. बाबांची तब्येत, आईचे गुडघे, माझं ऑफिस, सगळं विचारून झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला, "काय रे वसंता, माझी सायकल कशी आहे?" माझी म्हणते ते खरंच आहे. बाबा विसाव्या वर्षी इथल्या फॅक्टरीत मशिनिस्ट म्हणून लागले, तेव्हा भावानं परगावी पायपीट करू नये म्हणून तिनं आपल्या नव्या नोकरीच्या पगारातून ही सायकल घेऊन दिली होती. अटी दोन घातल्या. महिन्याला एक पत्र यायला पाहिजे, आणि चेनला गंज दिसता कामा नये. बाबांनी उलट शब्द दिला की एक दिवस याच सायकलवर बसून तुझ्या दारात येतो.

नोकरी असेपर्यंत तेवढी सुट्टी जमली नाही. निवृत्त झाल्यावर गुडघे बसले. आणि दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. ज्या हातांनी लेथवर केसाएवढा फरक पकडला त्या हातांत आता चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. तेव्हापासून बाबा रेल्वेनंही नागपूरला गेले नाहीत. फोनवर हात दिसत नाहीत, त्यामुळे आत्याला काही कळायचं कारण नव्हतं, आणि आम्हाला सक्त ताकीद होती की ताईला बोलायचं नाही. महिन्याचं पत्र मात्र चालू होतं. ते दुपारभर दार लोटून लिहीत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी ते पोस्टात टाकायची.

या ऑक्टोबरातल्या एका रविवारी आत्यानं तो शेवटचा प्रश्न विचारला नाही. ती म्हणाली, आता सायकल आणायचं मनात ठेवू नको, मला तशीही धड दिसायची नाही. बाबांनी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मला ते बघवलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी म्हणून गेले की सायकल मी नेते. म्हणून गेले म्हणजे खरंच गेले, कारण त्या वेळी मी त्या सायकलवर जबलपुरातल्या आमच्या रांझीच्या बाजारापलीकडे कधी गेले नव्हते.

आईनं लगेच विचारलं की रेल्वेच्या डब्यात टाकून नेली तर काय बिघडतं. बाबा म्हणाले, "रेल्वेनं नेली तर ते पार्सल झालं." मग माझ्याकडे वळून त्यांनी एकच अट घातली, "पण ताईसमोर काळी चेन न्यायची नाही. सांगून ठेवतो."

आता ज्यांना फक्त रस्त्याची माहिती हवी आहे त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडले तरी चालतील. पण मग वाटेत चेन अडली तर मला बोल लावू नका.

आमच्या घरात चेन धुण्याचा एक दिवस असतो. फॅक्टरीत विश्वकर्मा जयंतीला सगळे मशीनची पूजा करायचे, हळद-कुंकू, नारळ, सगळं. आम्ही बौद्ध, बाबा पूजेला हात जोडायचे नाहीत. पण ते आदल्या दिवशी थांबून आपलं मशीन शेवटच्या स्क्रूपर्यंत धुऊन काढायचे आणि सणाच्या दिवशी घरी येऊन सायकल धुवायचे. कुणी छेडलं तर म्हणायचे, "मी हात जोडत नाही, हात काळे करतो." गेली दोन वर्षं तो दिवस तसाच गेला होता. चेनवर काळ्या चिखलाचा थर बसला होता, आणि त्याला मी इतके दिवस तेल समजत होते.

पहिल्या प्रयत्नात मी हुशारी केली. मोबाईलवर बघून एक फवारा आणला, चेन सायकलवरच ठेवून फवारला, फडक्यानं पुसला, वर चमक आली. बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा चेनवर धरला आणि मला पॅडल फिरवायला लावलं. तुकडा काळा. "रिजेक्ट," ते म्हणाले. फॅक्टरीत माल तपासणारे साहेब म्हणायचे तसंच, चेहऱ्यावरची माशी न हलवता. दुसऱ्या वेळी लॉक उघडून चेन काढली. लॉक म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी, तिच्यावर छोटी पट्टी असते. पूर्वी यासाठी रेशनचं रॉकेल वापरायचे, आता ते कुठं मिळतंय, म्हणून डिझेल आणलं. डब्यात चेन बुडवली, टूथब्रशनं घासली, काढली. पुन्हा रिजेक्ट, कारण काळ्या झालेल्या डिझेलमधून काढलेली चेन काळीच निघणार. एक डबा घासायला आणि दुसरा खळबळायला लागतो, दुसऱ्यातलं डिझेल गढूळ व्हायचं थांबेपर्यंत. पहिल्या डब्यातलं फेकायचं नाही, दोन दिवस ठेवलं की घाण खाली बसते आणि वरचं निवळ पुन्हा कामाला येतं. नालीत ओतलेलं बाबांना चालत नाही.

तिसऱ्या वेळी फडकं पांढरं राहिलं. मी खूश होऊन तेल घालायला बसले, तर बाबांनी चेन नाकाशी नेली आणि परत खाली ठेवली. डिझेलचा वास होता. कड्यांच्या आत डिझेल शिल्लक असताना तेल घातलं तर ते पातळ होऊन वाहून जातं आणि पन्नास-साठ किलोमीटरवर चेन कोरडी ओरडायला लागते. तिसऱ्यांदा रिजेक्ट. मी फडकं आपटलं आणि त्यांना म्हणाले की तुमच्या हाताखाली लोकांनी चौतीस वर्षं कशी काढली. ते शांतपणे म्हणाले, "रडत काढली."

चौथ्यांदा चेन दिवसभर उन्हात खिळ्याला लटकवली, वास गेल्यावर चढवली. लॉकच्या पट्टीचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला ठेवायचं, नाहीतर पट्टी उडते. मग तेल. बाबांच्या लांब नाकाच्या कुप्पीनं, लॉकपासून मोजत, एकशे बारा कड्या, एकशे बारा थेंब. प्रत्येक थेंब मधल्या फिरत्या नळीवर. "तेल कडीच्या पोटात पाहिजे, पाठीवर नाही. पाठीवरचं तेल धुळीला बोलावते," हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणाले असते. पॅडल वीसेक वेळा उलटं फिरवायचं, तासभर थांबायचं, आणि मग बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं. हाताला चेन जवळजवळ कोरडी लागली पाहिजे. फडकं पांढरं राहिलं. "पास," बाबा म्हणाले, आणि आईनं मला चहा पूर्ण कप भरून दिला.

नवीन टायर, ब्रेकची रबरं, जादा लॉक आणि ट्यूब हे सगळं कमानिया गेटच्या आतल्या दुकानांतून घेतलं. तिथं गेलात तर आधी सामान घ्या आणि मग खोव्याची जलेबी खा, उलटं केलंत तर चिकट हातानं स्पोक मोजाल. महिनाभर रोज पहाटे रिछाईच्या कारखान्यांपर्यंत आणि पुढे सराव केला. पहिल्या आठवड्यात मला जिना उतरता येत नव्हता. चेनची ती सगळी धुलाई झाली सरावाच्या शेवटच्या आठवड्यात.

नोव्हेंबरच्या मध्यात एका शुक्रवारी सकाळी सहाला निघाले. कॅरिअरवर पिशवी, त्यात दोन जोडी कपडे, हत्यारं, तेलाची दुसरी भरलेली कुप्पी, आईच्या दशम्या, आणि निम्मं धोतर फाडून केलेली पांढरी फडकी. बाबा माझ्याआधीच उठून अंगणात सायकलपाशी उभे होते. शाल पांघरलेली, हात आत. शालीच्या काठावर डाग दिसला, मला चहाचा वाटला. त्यांनी चेन नीट बघ एवढंच सांगितलं. मी म्हटलं की पास केलेल्या मालावर पुन्हा शंका घ्यायची नसते, आणि पॅडल मारलं.

शहर जागं व्हायच्या आत पार केलं. तिलवाऱ्याला नर्मदेच्या पुलावर धुकं होतं, खाली घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं, आवाज येत होता पण माणूस दिसत नव्हता. बरगीपर्यंत रस्ता उत्तम, चौपदरी, कडेला सायकलपुरती जागा. बरगीला एका टपरीवर पोहे-जलेबी आणि चहा, चाळीस रुपये. टपरीवाल्यानं कुठं निघालात विचारलं, मी नागपूर म्हटलं, तर त्यानं बससाठी उभं राहायची जागा दाखवली.

बरगीनंतर रस्ता सातपुड्यात शिरतो आणि चढ सुरू होतात. फार उभे नाहीत, पण संपत नाहीत. गिअर नसलेल्या सायकलवर उपाय एकच, उतरायचं आणि ढकलायचं, आणि त्यात लाज वाटून घ्यायची नाही. धुमाच्या अलीकडे एका पुलाचं काम चालू होतं. सगळी वाहतूक खालच्या कच्च्या रस्त्यानं, दोन-अडीच किलोमीटर पिठासारखी धूळ. ट्रक गेला की मी ओढणीत तोंड घालून थांबायची. बाहेर पडले तेव्हा भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या.

आणि मग आवाज सुरू झाला. आधी कुरकुर, मग चढावर जोर लावला की कट्-कट्, आणि एकदा चेन चाकाच्या दातावरून अशी घसरली की माझा गुडघा हँडलवर आदळला. खाली बघितलं तर चेन काळीकुट्ट. धूळ आणि तेल मिळून त्याचा लेप झाला होता, बोटावर घेतला तर वाळूसारखा खरखर लागला. मला समजेना. बाहेरून कोरडी पुसलेली चेन, तिला इतकी धूळ चिकटलीच कशी? फडक्यानं पुसली, पाच मिनिटांत परत तेच. शिवनीकडे जाणारी एक बस थांबली. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "चलो दीदी, साइकिल ऊपर डाल देते हैं." बस जवळजवळ रिकामी होती, खिडकीची जागा दिसत होती. मी मान हलवली. त्याला वाटलं मी हो म्हटलं, तो शिडीही चढायला लागला. त्याला खाली उतरवून, माफी मागून बस पुढे जाऊ दिली, आणि लखनादौनपर्यंतचे बरेचसे किलोमीटर कधी हळू चालवत, कधी ढकलत काढले. त्या तीन तासांत मी बाबांना, त्यांच्या एकशे बारा थेंबांना आणि स्वतःच्या तोंडाला फार वाईट शब्द वापरले.

लखनादौनला नाक्याजवळ एक पंक्चरवाले काका भेटले. पांढरी दाढी, डोक्याला मफलर. त्यांनी चेनकडे पाहिलं आणि म्हणाले, "दीदी, ये चेन नहीं, काजल की डिबिया है." मी सांगितलं की आठवडाभर खपून धुतली होती, मोजून तेल घातलं होतं. त्यांनी मागचं चाक हातानं फिरवलं, वाकून मडगार्डची आतली बाजू बघितली, आणि मला बोलावलं. मडगार्डच्या आत, रिमवर, चेनच्या कव्हरखाली तेलाचे ओघळ वाळले होते. "आपने मोजून डाला होगा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी माझाच शब्द आला होता. "बाद में किसी ने ऊपर से पूरी कुप्पी उलटाई है."

मी तिथंच लाकडी बाकावर बसले. पहाटेचं अंगण आठवलं, शालीत लपवलेले हात, काठावरचा तो डाग. चहा नव्हता तो. ज्या माणसानं मला तीनदा रिजेक्ट केलं, त्यानंच निघायच्या वेळी पाठीवर तेल ओतलं होतं. राग आला, मग राग कुणावर धरायचा ते कळेना, आणि डोळ्यांत पाणी आलं. धुळीमुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. घरी फोन केला तेव्हा आईला सांगितलं की सगळं ठीक आहे. बाबांनी मागून विचारलेलं ऐकू आलं, "चेन कशी आहे?" मी म्हटलं की छान आहे.

काकांनी वरून ताजं तेल मारून द्यायची तयारी दाखवली, म्हणजे शिवनीपर्यंत आवाज बंद. या रस्त्यावर प्रत्येकाचा उपाय वरून तेल हाच आहे. मी त्यांच्याकडून डिझेल मागितलं. पेट्रोल पंपावर बाटलीत देत नाहीत, हे ध्यानात ठेवा आणि अर्धा लिटरची बाटली घरून भरून न्या. काकांनी आपल्या कॅनमधून दिलं, वर दोन जुने डबे दिले, आणि स्वतःची बिडी विझवून लांब जाऊन बसले. सूर्य मावळायच्या आत काम उरकायचं होतं. लॉक उघडलं, पहिला डबा, ब्रश, एकेक कडी वाकवून दोन्ही बाजूंनी. दुसरा डबा. चेनच्या चाकाचे दात आणि मागची फ्रीव्हील फडक्याची पट्टी करून, दातांच्या मधून ओढत साफ केली, कारण चेन धुवून घाण दातांवर चढवली तर केलं काय आणि नाही केलं काय. फडकं ओढलं. काळं. पुन्हा दुसरा डबा. पुन्हा काळं. पाचव्या वेळी राखाडी झालं. काका लांबून बघत होते. त्यांनी विचारलं की नागपूरला सायकलची कुठली स्पर्धा वगैरे आहे का. मी म्हटलं, आत्या आहे. ते त्यांना पटलं. पैसे घ्यायला तयार नव्हते, डिझेलचे तेवढे घेतले, आणि कॅनमधलं थोडं डिझेल माझ्या रिकाम्या बाटलीत भरून दिलं.

रात्री लॉजवर चेन खोलीच्या खिडकीला टांगली. लॉज सातशे रुपये, गरम पाणी बादलीनं, खोली स्वच्छ. बाईमाणूस एकटी म्हणून मॅनेजरनं जास्त चौकशी केली, पण चेन बघितल्यावर त्याचे प्रश्न संपले. सकाळी ऊन येईपर्यंत थांबले. चेन नाकाशी नेली, वास नव्हता. मग पायरीवर बसून एकशे बारा थेंब. मी कुप्पी धरली होती तेव्हा लक्षात आलं की थेंब पाडणं म्हणजे हात थांबवणं आहे. पाडण्यापेक्षा थांबवायला जास्त ताकद लागते. नव्वदाव्या कडीला माझाही हात दुखायला लागला होता.

दुसरा दिवस त्यामुळे उशिरा सुरू झाला, पण साठ किलोमीटरच होते, आणि चेनचा आवाज बंद म्हणजे बंद. छपाऱ्याच्या आसपास रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या लागतात. या दिवसांत गेलात तर चुकवू नका. आत्यासाठी डझनभर कडक बघून घेतली, विकणाऱ्या बाईनं वरून दोन पिकलेली मला तिथंच खायला लावली. शिवनीला साध्या भोजनालयात शेव-टमाटर आणि गरम पोळ्या, नव्वद रुपयांत पोट भरलं. संध्याकाळी खोलीवर बसून चेन कोरड्या फडक्यानं पुसली. हे रोज केलं तर डिझेलचा मोठा घाट पुन्हा घालावा लागत नाही.

तिसरा दिवस या रस्त्याचा राजा. कुरईचा घाट उतरताना दांडीच्या ब्रेकवर फार भरवसा ठेवू नका, मी अर्धा घाट उतरून पायी गेले. पुढे खवासापर्यंत सागवानाचं जंगल, आणि महामार्ग ठिकठिकाणी उचलून घेतलाय, खालून जनावरांची वाट. वरून जाताना दोन्ही बाजूंनी उंच पत्रे, त्यांना आपल्या चेनचा आवाज लागून परत येतो. मी मुद्दाम पॅडल मारून ऐकला. स्वच्छ चेनचा आवाज बारीक असतो, शिलाई मशीन शेजारच्या खोलीत चालू असल्यासारखा. खवासा ओलांडलं की महाराष्ट्र. पाट्या मराठीत सुरू झाल्या, आणि देवलापारच्या चहावाल्यानं "काहून जी, एकट्याच?" म्हटल्यावर मला उगाचच घरी आल्यासारखं वाटलं. मुक्काम मनसरला.

चौथ्या दिवशी पंचेचाळीसच किलोमीटर होते आणि मी दहापर्यंत पोहोचते असं आत्याच्या शेजारणीला कळवलं होतं. कामठी मागे पडल्यावर, नागपूरच्या तोंडाशी, मी सायकल एका झाडाखाली उभी केली आणि धोतराचं शेवटचं कोरं फडकं काढलं. चेनवर धरलं, पॅडल फिरवलं. पांढऱ्यावर एक बारीक काळी रेघ उमटली. कुणी बघत नव्हतं. आत्याला दिसत नाही, बाबा पावणेतीनशे किलोमीटर लांब. मी स्वतःशीच रिजेक्ट म्हणाले, बाटलीतलं उरलेलं डिझेल एका पट्टीवर घेतलं आणि एकेक कडी चिमटीत धरून पुसत बसले. मग वास जायची वाट, मग तेल. साडेबाराला आत्याच्या दारात पोहोचले.

ती अंगणात खुर्चीवर बसली होती. पांढरं पातळ, जाड भिंगाचा चष्मा. उजव्या डोळ्यानं थोडंसं दिसतं, डाव्यानं नाही. मी पाया पडायला वाकले तर तिनं जय भीम म्हणून मला बाजूला सारलं आणि सायकल जवळ आणायला सांगितली. सीट चाचपली, घंटी वाजवली, दांडा चाचपत खाली आली. मी काही म्हणायच्या आत तिनं पदराचं टोक घेतलं आणि चेनवरून ओढलं. तिनं पदर डोळ्याशी नेला, उजेडाकडे धरला, आणि पुष्कळ वेळ बघत राहिली. पदरावर फिकट पिवळसर ओल होती. काळं काही नव्हतं.

"अच्छी ठेवली," ती म्हणाली. मग पॅडलवरून हात फिरवून बोटं झटकली. "पण धुतली तू आहेस. वसंतानं धुतली असती तर पॅडलही पुसलं असतं."

मी बाबांच्या गुडघ्यांचं काहीतरी सांगायला लागले. तिनं ते ऐकून घेतलं नाही. आत जाऊन पत्र्याची पेटी आणायला लावली. त्यात बाबांची सगळी पत्रं, वर्षावार बांधलेली. वरचा गठ्ठा तिनं सोडला आणि माझ्या हातात दिला. मी दर महिन्याला पाकीट पोस्टात टाकत होते, आत कधी बघितलं नव्हतं. ओळी पाण्यावर काढल्यासारख्या होत्या, कान्यांचे वेडेवाकडे साप झाले होते, काही ठिकाणी कागद फाटला होता.

"दोन वर्षं झाली, त्याचं अक्षर हलून राहिलं," आत्या म्हणाली. "मी मास्तरीण आहे. अक्षर बघून पोराला ताप आहे का ते सांगत होती मी. भिंग धरून वाचते अन् गप्प बसते. तो लपवून राहिला, म्हणून मीही विचारलं नाही." तिनं गठ्ठा परत घेतला आणि गाठ मारली. "त्याला सांग, माझे डोळे गेले, त्याचे हात गेले. दोघं मिळून एक माणूस तर होतोच. सायकलीचं झालं. आता त्याला ये म्हणाव."

दोन दिवस राहिले, तर्री-पोहे खाल्ले, झोपले. परत येताना सायकल बसच्या टपावर टाकली, माझं तिकीट आणि तिचे दोनशे. सकाळच्या बसनं निघालात तर दुपारी जबलपूर.

रांझीला घरी पोहोचले तेव्हा बाबा दारातच होते. माझ्याआधी त्यांनी सायकलकडे बघितलं. खुर्ची मागितली, फडकं मागितलं. मी पॅडल फिरवलं आणि त्यांनी थरथरत्या हातानं फडकं चेनवर धरलं. बसच्या टपावरची धूळ, पांढऱ्यावर काळी रेघ आली.

"रिजेक्ट," ते म्हणाले. मग तसंच फडकं हातात धरून विचारलं, वाटेत चेननं त्रास दिला का. मी म्हटलं की धुमाजवळ थोडी धूळ होती, बाकी काही नाही.

"धूळ नाही," बाबा म्हणाले. "पहाटे मी तेल टाकलं. एकच थेंब टाकायचा होता, लॉकवर. हात थांबला नाही. पुसायला गेलो तर पुसताही येईना. तुला सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही."

आई दारात येऊन उभी होती. मी बाबांच्या पायाशी बसले आणि आत्याच्या पेटीचं सगळं सांगितलं. पत्रांचा गठ्ठा, भिंग, दोन वर्षं तिनं न विचारलेलं. तिचा निरोपही तिच्याच शब्दांत दिला. ते ऐकत होते आणि फडकं मांडीवर हलत होतं, त्यांनी ते लपवलं नाही. एरवी हातातलं काम झालं की हात शालीत जायचे, त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी ते माझ्यासमोर बाहेर राहू दिले.

काय राहिलं या प्रवासाचं, असं लोक विचारतात. पिंडऱ्या दुखायच्या थांबल्या, सीताफळं संपली, गुडघ्यावरचा काळा डाग जायचाय. मला चेन धुता येते, हे राहिलं. आणि त्या संध्याकाळी बाबांनी फडक्याची घडी करून माझ्या हातात दिली, डिझेलच्या डब्यांकडे बोट केलं आणि जे म्हटलं ते.

"चेन काढ, धू," ते म्हणाले. "वाळेपर्यंत मोबाईलमध्ये नागपूरची गाडी बघ. खालची सीट पाहिजे."